तापाच्या आधी पोचायचं

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याला निघालं, की चोर्ला घाट लागण्याआधी कणकुंबी येतं. इथे मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं देऊळ आहे, चारी बाजूंना सह्याद्रीचं रान आहे. घाट उतरला की गोव्याचा सत्तरी तालुका. मी या भागात आशा कार्यकर्ती आहे. बाळंतपणं, लसीकरण, टीबीच्या गोळ्या ही कामं बारमाही असतात. त्यांच्या जोडीला डिसेंबर ते मे गोचिडींतून पसरणारा माकडताप, पावसाळ्यात लेप्टो आणि डेंग्यू, आणि वर्षभर कुत्रा चावलेली माणसं. या सगळ्या आजारांना आपापली वेळ आहे. ती वेळ टळली की कितीही चांगली माहिती दिली तरी तिचा उपयोग उरत नाही. म्हणून माझा दिवस या वेळा पाळत जातो. काजूच्या हंगामातला, मार्च महिन्यातला हा एक दिवस.

पहाटे ५.४५

अजून उजाडायचं आहे. घाटाखाली काजू वेचायला जाणारी माणसं नाक्यावर टेम्पोची वाट बघत उभी आहेत. काही संध्याकाळी परततात, काही आठवडाभर तिकडेच राहतात. माझ्या पिशवीत डेपा तेलाच्या बाटल्या आहेत. हे किडे दूर ठेवणारं औषध ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने शोधलं, आणि आता आरोग्य खातं ते माकडतापाच्या भागात वाटतं.

"काल लावलं होतं की गं," एक मावशी म्हणतात.

"कालचं काल संपलं, मावशी. पाय पुढे करा बघू."

तेलाचा असर काही तासच टिकतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, हातांना आणि मानेला ते चोळायचं. डोळे, ओठ आणि जखमा सोडून. दुपारची भाकरी झाली की पुन्हा एकदा. घोट्यावर भर असतो, कारण गोचिडीचं पिल्लू झाडावरून उडी मारत नाही. ते पाचोळ्यात आणि खुरट्या गवतात बसून असतं आणि पाय लागला की चिकटून वर चढतं. बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतातच, काटे लागू नयेत म्हणून. मी त्याला मोज्यांची जोड द्यायला सांगते. जेवायला पाचोळ्यात बसू नका, खडकावर नाहीतर पोतं अंथरून बसा, हेही रोजचंच.

काजूच्या बागेत धोका जास्त का, हे मी एकदा सविस्तर सांगितलं होतं, तेव्हापासून लोक तेल टाळत नाहीत. पिकलेल्या बोंडूच्या वासाने वानरं आणि माकडं बागेत येतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तिथे गळून पडतात. आणि माणूस नेमका त्याच पाचोळ्यात वाकून बिया वेचतो. २०१५ मध्ये सत्तरीत हा ताप आला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात माकडं मेली आणि माणसं तापाने पडली. त्याच सुमाराला बेळगाव जिल्ह्यातून गोव्यात काजूच्या कामाला गेलेले मजूर हाच ताप घेऊन परतले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याचा अभ्यास केला. त्यामुळे हा टेम्पो सुटण्याआधी मी नाक्यावर असणं महत्त्वाचं आहे. संध्याकाळी घरोघर जाऊन तेल वाटलं, तर ते फडताळात राहतं.

सकाळी ७.३०

घरभेटी. पहिला मुक्काम गोठ्यात, कारण या वेळी घरातली कर्ती बाई तिथेच सापडते.

इथे जनावरांखाली सुका पाला अंथरायची पद्धत आहे. रानातून भारे आणायचे आणि घरामागे ढीग लावायचा. शेणात कुजलेला हाच पाला पुढे शेतात खत म्हणून जातो. ही पद्धत सोडा, असं मी सांगत नाही. शेती त्यावर उभी आहे. पण पाल्यासोबत गोचिडीही घरी येतात. म्हणून ढीग घराच्या भिंतीपासून लांब लावायचा, उघड्या हातांनी तो उपसायचा नाही, आणि मुलांना त्यावर खेळू द्यायचं नाही. गाईबैलांमुळे माकडताप थेट होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर वाढतात आणि मग अंडी घालतात. पशुवैद्यांकडून गोचीडनाशक आणून लावलं, तर जनावरही सुटतं आणि रानातल्या गोचिडीही कमी होतात.

पुढच्या घरी गाय गाभडली आहे. तिथे मी थोडी जास्त थांबते. वार किंवा गाभडलेलं वासरू उघड्या हातांनी उचलू नका. ते कुत्र्यापुढे टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. गाभण राहिलेली गाय अशी गाभडते तेव्हा ब्रुसेलोसिस असू शकतो. तो कच्च्या दुधातून आणि या स्रावांतून माणसात येतो आणि महिनोन्‌महिने ताप व सांधेदुखी देतो. पशुवैद्यांना आजच कळवायचं. तोवर दूध उकळल्याशिवाय कुणीही प्यायचं नाही, नातवंडांना धारोष्णही नाही. आजोबांना हे पटायला जड जातं. पण सुनेने मान हलवली आहे, आणि चुलीवर दूध तीच ठेवते.

सकाळी ९

वस्तीच्या टोकाला एका घरी तिशीतला माणूस पांघरूण घेऊन पडला आहे. तीन दिवसांपूर्वी गोव्यातून आला, परवापासून ताप. कपाळ फुटेल इतकं डोकं दुखतंय, कंबर आणि पिंढऱ्या पिळून निघाल्यासारख्या, डोळे लाल. मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून घेतली आहे. ती मी आधी बाजूला ठेवायला लावते. माकडताप आणि डेंग्यू या दोन्हींत रक्तस्राव होऊ शकतो, आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने तो धोका वाढतो. डॉक्टर बघेपर्यंत ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल, आणि भरपूर पेज-पाणी.

मग एकच प्रश्न: गेल्या दहा दिवसांत कुठे कुठे कामाला होतात?

गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांनी माकडताप चढतो. तोवर माणूस सत्तरीतून इकडे, आमच्या खानापूर तालुक्यात, आलेला असतो आणि ताप वाढला की बेळगावच्या दवाखान्यात पोचतो. तिथे डॉक्टरांनी विचारलं, तर तो खरंच सांगतो, "घरीच होतो." कारण ताप आला तेव्हा तो घरीच होता. त्यामुळे मी एक चिठ्ठी लिहून देते, मराठीत आणि कन्नडमध्ये: हा माणूस अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत रानात, काजूच्या बागेत काम करत होता, ताप अमुक दिवशी सुरू झाला. तीन राज्यांच्या सीमा इथे जवळजवळ आहेत, तिन्हींची आरोग्य खाती वेगळी आहेत, पण रान एकच आहे. रुग्णासोबत ही माहिती गेली नाही, तर पहिले चार दिवस साध्या तापाची औषधं देण्यात जातात.

या दिवसांचं मोल मोठं आहे. विषाणू थेट सापडण्याची शक्यता पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त. पुढे रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि मग त्यांची तपासणी करावी लागते. म्हणून याला आजच आरोग्य केंद्रात न्यायचं आहे. रक्ताचा नमुना बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जाईल. मलेरिया आणि डेंग्यूचीही तपासणी होईल. माकडतापावर नेमकं औषध नाही. पण वेळेवर सलाईन, रक्तदाबावर नजर आणि रक्तस्रावाची काळजी घेतली, तर बहुतेक माणसं बरी होतात. शंभरातली तीन ते पाच दगावतात, आणि आमची धडपड त्यांच्यासाठी असते.

त्याची बायको दारात उभी आहे. मुलांना माहेरी पाठवू का, असं विचारते. मी सांगते, गरज नाही. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही. त्याच्याजवळ बस, त्याला भरव. फक्त एक ध्यानात ठेव: ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा उलटतो. तेव्हा मान आखडली, हात कापू लागले, बोलणं भरकटलं, तर रात्र असो की पहाट, मला फोन. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठवड्यांवर खूण केली.

सकाळी १०.३०

मराठी शाळेत चौथी-पाचवीचा तास. मुलांना मी फळ्यावर गोचिडीच्या तीन अवस्था काढायला देते. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं, ते उंदीर-चिचुंद्र्यांच्या आणि पाखरांच्या अंगावर जगतं. त्यानंतरचं आठ पायांचं पिल्लू माकडांना आणि माणसांना चावतं. पूर्ण वाढलेली गोचीड गुरांसारख्या मोठ्या जनावरांवर. मुलांना शेवटची माहीत असते, कारण ती दिसते. खरा धोका मधलीचा, आणि ती तिळाएवढी असते. म्हणून रानातून आल्यावर काख, जांघ, कानामागे, गुडघ्याच्या खोबणीत शोधायचं. सापडली तर चिरडायची नाही. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची आणि जागा साबणाने धुवायची.

हा आजार सर्वांत आधी कुठे सापडला, असं एक मुलगी विचारते. आपल्याच राज्यात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात, १९५७ साली. तिथेही आधी माकडं मेली आणि मागोमाग माणसं आजारी पडली. त्या जंगलाचंच नाव आजाराला मिळालं. कितीतरी वर्षं तो त्या भागातच राहिला. पुढे बंडीपूर, वायनाड, गोवा, सिंधुदुर्ग असा सह्याद्रीच्या रांगेने दिसू लागला.

मग कुत्र्याचा विषय. इथे मी बोलत नाही, करून घेते. बाहेरच्या नळाखाली एका मुलाचा पाय धरून दुसरा साबण लावतो, तिसरा घड्याळ बघतो. पंधरा मिनिटं. निम्म्या वेळातच मुलं कंटाळतात, आणि तेच मला त्यांना दाखवायचं असतं: पंधरा मिनिटं किती लांब असतात. रेबीजचा विषाणू जखमेतच पुष्कळसा धुऊन निघतो, पण त्यासाठी एवढा वेळ वाहतं पाणी लागतं. जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद काही नको. मग त्याच दिवशी इंजेक्शन, आणि सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं पुरी. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर तो आजार होतच नाही. एवढा मोठा फरक दुसऱ्या कुठल्या आजारात मला माहीत नाही. म्हणून मुलांना मी बजावते, कुत्र्याने ओरखडलं तरी घरी सांगा. मार बसेल म्हणून लपवू नका. पालकांनाही तेच सांगते: मुलाला आधी नळाखाली न्या, रागवायचं ते नंतर.

दुपारी १२.३०

गुरं राखणाऱ्या एका भावाचा फोन: रानाच्या कडेला काळ्या तोंडाचं वानर मरून पडलंय.

मी निघते. वाटेतच वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला फोन करते. पशुवैद्यांना ते कळवतात. त्या भावाला सांगते, गुरं तिथून हलव, जवळ जाऊ नकोस, लांबच्या झाडाला फडकं बांध म्हणजे जागा सापडेल. वानर कशाने मेलं, हे तपासणीशिवाय कळत नाही. विजेच्या तारेने, गाडीच्या धडकेनेही मरतं. पण कळेपर्यंत ते माकडतापाने मेलं असं धरूनच वागायचं. मेलेलं अंग थंड पडलं की त्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून पन्नास मीटरच्या परिघात मॅलेथिऑनची पावडर टाकतात. अंगभर संरक्षक कपडे घालून नमुने घेतात, मग वानर जाळतात. ही कामं त्याच दिवशी व्हावी लागतात.

मी पोचले तेव्हा तिथे चार-पाच माणसं जमली होती. एका काकांच्या हातात नारळ आणि उदबत्ती. वानर म्हणजे मारुतीचं रूप. ते मेलं की रीतसर माती द्यायची, हा आपल्याकडचा जुना भाव आहे. मला त्याबद्दल आदर आहे. "काका, नारळ इथेच ठेवून हात जोडूया," मी म्हणते. "पुढचं वनखात्याची माणसं व्यवस्थित करतील." त्यांनी फडकं बांधलेल्या झाडापाशीच नारळ ठेवला. एका तरुणाने मात्र विचारलं, ही माकडंच रोग आणतात, तर मारत का नाही? मी सांगितलं की माकड या रोगाचा पहिला बळी आहे. विषाणू गोचिडींत आणि रानातल्या लहान जनावरांत टिकून राहतो. माकडं मारली, तर कायद्याने गुन्हा होईल, आणि आपल्याला आधी सावध करणारंही कुणी उरणार नाही.

पंधरा दिवस या बाजूला लाकूडफाट्याला कुणी येऊ नये, असं ठरलं. गुरं कुठे चारायची हेही तिथेच बोलून घेतलं. पर्याय दिल्याशिवाय बंदी पाळली जात नाही.

दुपारी ४

महिला गटाची बैठक. आधी पाच मिनिटं डेंग्यूची: एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्याला एकदा पिंपं, टायर, फुलदाण्या रिकाम्या करून घासल्या की साखळी तुटते. वार ठरवा आणि तोच पाळा.

मग प्रश्न सुरू होतात. लस का नाही? पूर्वी माकडतापाची लस होती. अनेक डोस घ्यावे लागत आणि संरक्षण अपुरं पडत होतं. आता ती देणं बंद झालं आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने नवी लस तयार होत आहे. ती येईपर्यंत तेल, मोजे, अंघोळ आणि लवकर तपासणी हीच आपली साधनं. लसीचं महत्त्व आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. बेळगावात टिळकवाडीच्या ज्या मैदानाला सगळे व्हॅक्सिन डेपो म्हणतात, तिथे पूर्वी देवीची लस तयार होत असे. देवी जगातून गेली.

वटवाघळांचा प्रश्न हमखास येतो. २०१८ मध्ये केरळात निपाह आला, तेव्हापासून भीती आहे. त्यातून आमच्या भीमगड अभयारण्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारं रॉटनचं वटवाघूळ राहतं. ते किडे खाणारं आहे. निपाह पसरवणारी मोठी वटवाघळं फळं खाणारी असतात. मी सांगते, गुहेत शिरू नका, धूर करू नका, दगड मारू नका. उष्टं, चोचलेलं फळ खाऊ नका, मुलांनाही उचलू देऊ नका. एवढं केलं की वटवाघळांचं त्यांच्या जागी, आपलं आपल्या जागी.

नव्वदीच्या एका आजी आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई सांगायच्या, उंदीर पडला की घर सोडायचं. माळावर झोपड्या घालायच्या." मुंबईत १८९६ साली आलेला प्लेग थोड्याच वर्षांत बेळगाव-धारवाड भागात पोचला होता. त्या काळात लोक मेलेल्या उंदरावरून ओळखत आणि गाव रिकामं करत. जनावर आधी मरतं आणि माणसाला सावध करतं, हे ज्ञान या घरांत चार पिढ्यांपासून आहे. मी आजींना विनंती केली, पुढच्या बैठकीत हे तुम्हीच सांगा. आजींनी सांगितलेलं सुनांच्या जास्त ध्यानात राहील.

संध्याकाळी ६.३०

टेम्पो परतला. नाक्यावर पुन्हा उभी राहते. आता सांगायचं असतं ते पुढच्या तासाभराचं: घरात शिरण्याआधी कपडे झटका, अंगावरचे कपडे गरम पाण्यात भिजवा, साबण लावून कढत पाण्याने अंघोळ करा, मगच लेकराला जवळ घ्या. सकाळच्या मावशी बाटली दाखवतात. दुपारी पुन्हा लावलं होतं. त्यांच्यासोबतच्या मुलीच्या पिंढरीला एक गोचीड सापडली. ती चिमट्याने काढली, जागा धुतली, तारीख लिहून घेतली. गोचीड चावली म्हणजे आजार झालाच असं नसतं. पुढचे आठ-दहा दिवस रोज ताप बघायचा.

जे आठवडाभर गोव्यातच राहतात, ते मात्र या नाक्यावर भेटत नाहीत. त्यांच्यासाठी मी मुकादमांशी बोलते. प्रत्येक टोळीत एक बाटली, एक चिमटा, आणि ताप आला तर तिथल्याच आरोग्य केंद्रात जाण्याची समज. गोव्याच्या केंद्रात गेलेल्या आमच्या माणसाची खबर इकडे यावी आणि इकडच्या रुग्णाची तिकडच्या बागेपर्यंत जावी, यासाठी तिन्ही बाजूंच्या कर्मचाऱ्यांनी हंगामापूर्वी एकदा एकत्र बसावं, असं मला मनापासून वाटतं.

रात्री ८.३०

वही. तापाच्या रुग्णाचं रक्त गेलं. वानराचे नमुने गेले, पावडर टाकून झाली. गाभडलेल्या गाईला उद्या पशुवैद्य बघणार. गोचीड सापडलेल्या मुलीला सकाळी फोन.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण सुट्टीला चोर्ला घाटातून गोव्याला जात असतील. त्यांच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स, केळी देऊ नका. त्याने ती रस्त्यावर आणि वस्तीत येतात, आणि त्यांच्या गोचिडीही. आणि कुठे मेलेलं माकड दिसलं, तर जवळ जाऊ नका, फोटो काढायला थांबू नका. मैलाचा दगड किंवा वळण ध्यानात ठेवा आणि पुढच्या तपासणी नाक्यावर किंवा आरोग्य केंद्रात सांगून जा. तुमची दोन मिनिटं जातील. तुम्ही सांगितलंत, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बाजूला लाकडाला जाणाऱ्या बाईला आम्हाला आदल्या रात्रीच थांबवता येईल.